बुद्धी शाबूत असल्याचा पुरावा

खोताच्या अंगणात मला भर उन्हात उभं केलं होतं. ओटीवर खोत, तलाठी आणि गावचे चार जण. माझ्या हातापायांवर लाल चट्टे, वर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे. ते गळायचे. म्हणून तुळशीच्या पुढं यायला मला बंदी होती.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या सालची गोष्ट. नवरा वारल्यापासून चौलच्या खाडीकडची खोताची भातखाचरं मी एकटीच कुळ म्हणून कसत होते. खोताला ती भाच्याला द्यायची होती. माझा दीर खोताकडे कामाला. तोच म्हणाला, "मालक, वैनीच्या अंगावरचं आता डोक्यात गेलंय. काय बी ध्यानात र्‍हात न्हाय."

खोतानं विचारलं, "आज वार कोणता?"

मला सुचेना. पाठ पेटली होती. चारचौघांत खाजवायचं नाही म्हणून मुठी आवळलेल्या. सगळं ध्यान त्या मुठींत.

"बरं, पोरगी कुठल्या महिन्यात झाली?"

पोरगी माझ्या शेजारीच उभी. तिच्याकडं बघूनही महिना आठवेना. ओटीवरचे हसले. ती रडायला लागली.

खरं सांगते, मी विसरायचे. खाजेनं झोप नव्हती. समोरच्याचं अर्धं बोलणं कानात, अर्धं कातडीत जिरायचं. भात करपायचा. मलाही वाटू लागलं होतं, डोकं गेलं आपलं.

खोतानं कागद पुढं केला. जमीन राजीखुशीनं सोडते, असा.

"तुला काही कळायचं नाही. अंगठा उठव."

तिथं मी जागी झाले.

"मला कळत न्हाय, तर माझा अंगठा तुमाला कसा चालतो, मालक?"

तलाठी खाली बघू लागला. मी पोरीचा हात धरला आणि चालू पडले.

त्यानंतर आम्हाला गावची विहीर बंद झाली. पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. वेडीची लेक, म्हणाले. तिनं मला कधी बोल लावला नाही. तेच जास्त लागतं.

जमीन मी सोडली नाही.

आजही विसरते. बोलता बोलता शब्द हरवतो, लोक एकमेकांकडे बघतात. बघू देत. मला विचारायचं असेल त्यानं थांबावं. उत्तर उशिरा येईल, पण माझंच असेल. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बोलू देणार नाही.