काउंटरवरची मराठी

मीरा रोडच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या त्या सेल्समनचं नाव मी कधी विचारलं नाही. पण बिल्डिंगमध्ये कुणालाही लॅपटॉप घ्यायचा असला की मी त्याच्याकडेच नेतो. आधी तो खणखणीत हिंदीत विकतो, "अंकल, एक्स्टेंडेड वॉरंटी ले लो, अँटिव्हायरस ले लो, सेटअप भी करवा लो!" मग काउंटरवर वाकून मराठीत पुटपुटतो, "काका, यातलं काहीएक घेऊ नका."

परवा नवा मॅनेजर त्याच्या मागेच उभा होता. सगळ्यांशी हिंदीच बोलणारा माणूस. तरी हा सवयीने पुटपुटलाच. मॅनेजर पुढे झाला. आता याची नोकरी गेली, असं मला वाटलं.

मॅनेजर अस्सल चिपळूणच्या सुरात हळूच म्हणाला, "काका, ती लॅपटॉपची बॅगपण नका घेऊ. पट्टा टिकत नाही."