ब्रिजखालचा हिरवा रंग

दिंद्रुडच्या लग्नात मी वाजवायचा थांबलो तरी माझ्या बेस गिटारचा आवाज थांबेना. स्पीकरमधून नुसतं घूंऽ चालू. ढोलकीवाल्यानं माईकवरच विचारलं, "गिटारीत भुंगा कावून पाळलास बे?" मांडव हसला. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक हसले नाहीत. परतताना टेम्पोत त्यांनी सांगून टाकलं, रविवारी युसूफ वडगावच्या कार्यक्रमात हा आवाज आला तर तिथून पुढं बेस कीबोर्डवालाच डाव्या हातानं काढील. म्हणजे मी घरी.

मी ठासून सांगितलं, दोष तिथल्या लाइनीचा आहे, अर्थिंगच नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला, त्यात बी.एस्सी. फिजिक्स.

सकाळी घरी लावून पाहिलं. इथलं अर्थिंग मी स्वतः खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून केलेलं. तरी घूंऽ. तारांना हात लावला, फरक नाही. केबल घुसते त्या जॅकच्या धातूला बोट लावलं, आवाज बसला. म्हणजे तारांपासून जॅकपर्यंतची ग्राउंडची वाट कुठंतरी तुटली होती. तारा ज्यात अडकवतात तो ब्रिज खोलला. खाली ग्राउंडची वायर जागेवर होती, पण हिरव्या ऑइलपेंटात बुडालेली.

खंडेनवमीला आमच्यात ज्यानं त्यानं आपलं वाद्य उजळायचं, मग पूजा. यंदा मी बेस रंगवला होता. काही राहू नये म्हणून ब्रिज काढून खालूनही दोन हात दिले होते. रंगातून वीज जात नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ब्लेडनं ब्रिजचा तळ धातूपर्यंत नि वायर तांब्यापर्यंत खरवडली. आवाज निम्म्यावर आला. निम्म्यावर मी सोडणार नव्हतो. बाहेरून शिरणारी घरघर अडवायला गिटारीच्या पोटातल्या खाचेला पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवली. तिला सोल्डर धरेना, म्हणून ग्राउंडची वायर स्क्रूखाली दाबून तिला जोडली. संध्याकाळपर्यंत तीनदा खोललं, तीनदा बसवलं.

मग मालकांना फोन केला. वायर सैल होती म्हणालो असतो तरी चाललं असतं. म्हणालो, "लाइनीचा दोष नव्हता. रंग मीच दिलता."

ते म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला नुसतं हळदीकुंकू लाव."

रविवारी पहिल्या गाण्याआधी तारांवर हात ठेवून उभा राहिलो. स्पीकर गप्प. मालकांनी कीबोर्डवाल्याकडं पाहून त्याला डावा हात खाली घ्यायची खूण केली.