बागवान म्हणतो

"जीभ दाखवा."

जांभूळ खाऊन बी थुंकली की तो हेच म्हणायचा. गिऱ्हाईक म्हातारं असो, पोलीस असो नाहीतर नवी नवरी असो. नगरजवळ नागापूरच्या नाक्यावर त्याची हातगाडी. कारखाने सुटायच्या वेळेला भर रस्त्यात चांगली धडधाकट माणसं त्याच्यासमोर जिभा काढून उभी असायची. तो एकेक जीभ नीट बघायचा आणि मान हलवायचा. "रंग धरला. आता गुन येनार." तुम्ही हसाल, पण तुम्हीही काढली असती. मी काढलेली आहे.

त्याचं नाव सांगून काय करायचंय. फळांचा धंदा बापजाद्यांपासूनचा, म्हणून आम्ही त्याला बागवानच म्हणायचो. आमच्या विहिरीजवळ जांभळाचं जुनं झाड आहे. त्याला मोहोर आला की बागवान यायचा आणि झाडाचा सौदा ठरवून जायचा. ठरवायचा ते माझ्याशी नाही, आमच्या मंडळींशी. तिला आक्का म्हणायचा, त्यामुळं मी दाजी झालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

जांभळाचं लाकूड दगाबाज. वर दिसायला दांडगं, पण फांदी कधी मोडेल सांगता येत नाही. वर तो चढायचा. खाली आम्ही चादर धरायचो, कारण जांभूळ मातीत पडलं की फुटतं आणि मग त्याला कोण विचारतो. दोन कोपरे बाभळींना बांधलेले, एक तिच्या हातात, एक माझ्या.

"दाजी, झोळ पडला!" तो वरून ओरडायचा. "आक्का बघा कशी धरती."

"त्यांना ताट धरायचं म्हाईत हाय, चादर न्हाई," ही खालून.

मग दोघं हसायचे. मी कोपरा ताणायचो.

औषधाची त्याला भारी हौस. रक्त कमी? जांभूळ खा. पोट बिघडलं? जांभूळ, मीठ लावून. हिरड्या सुजल्या? पाला चाव. शुगर? बिया वाळवून कुटून ठेव. जांभळाच्या आधी करवंदं यायची, त्याच्या आधी काळी द्राक्षं, त्यांचंही तेच. "फळाचा गुन रंगात असतो दाजी. जितकं काळं-जांभळं तितकं रगताला चांगलं. पांढऱ्या पेरूत काय हाय?" थंडीत बघतो तर गाडीवर पेरू. मी म्हणालो, "आता रं?" तो जराही अडला नाही. "पेरूत बी गुन हाय की. पन आत हाय."

मग हिला शुगर निघाली. तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य सुरू झालं. बागवान म्हणतो.

बागवान म्हणतो, सकाळी चालावं. मी चालायला लागलो. शुगर तिला आणि चालायचं मी, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. बागवान म्हणतो, तंबाखूनं जांभळाचा गुण मरतो. तंबाखू सोडली. बागवान म्हणतो, जेवताना आवाज चढवू नये, अन्न अंगी लागत नाही. हे तर औषधातलंच वाटलं मला. माणूस फळातला जाणकार, खोटं कशाला सांगेल? मी सगळं पाळलं.

एका थंडीत ती गेली. सकाळी चूल पेटवायला बसली, तिथंच कलंडली. डॉक्टर म्हणाला, हृदयाचं झालं. दहावं-तेरावं झाल्यावर मी तिचा डबा उघडला तर शुगरच्या गोळ्या शिल्लक होत्या. राहायला नको होत्या इतक्या. आणि मला आठवलं, ती म्हणाली होती, "बागवान म्हणतो, जांभळाची पावडर चालू असली की गोळी निम्मी केली तरी चालतं."

मी डॉक्टरला विचारलं, ह्यानंच गेली का? तो म्हणाला, असंही सांगता येत नाही आणि तसंही. मला मात्र सांगता येत होतं. मी मोहोराची वाट बघत बसलो.

तो आला. ती गेल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. फाटकातूनच हाक मारली, "आक्काऽ!"

"मारलीस तिला," मी म्हणालो. "आता कुनाला हाक मारतो?"

तो फाटकातच खाली बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मी गोळ्यांचं सांगितलं.

"अल्लाकसम दाजी, मी असं कवाच म्हनलो न्हाई. मला सोताला शुगर हाय. दोन टाईम गोळी घेतो. आक्काला म्हनायचो, जांभूळ खा, पन गोळीच्या जागी न्हाई, गोळी चुकवायची न्हाई."

"मग ती तसं का म्हनली?"

"गोळीनं तोंड कडू पडतं म्हनायची. दुसरं काय असनार?"

मी विचारलं, तंबाखूचं? तो म्हणाला, "मी कशाला सांगू? मी सोता खातो." खिशातली पुडी काढून दाखवली. सकाळी चालायचं? "न्हाई बा." जेवताना आवाज चढवू नये? ह्याला तो रडता रडता हसला. "दाजी, आक्कानं माझ्या नावावर लई माल खपवला."

"मग मला सरळ सांगायचं की."

"तुमी ऐकलं असतं?"

ऐकलं असतं की. का नसतं ऐकलं? मला काही कळेना. इतके दिवस ज्याच्यावर दात धरला, तो ते बोललाच नव्हता. आणि इतकी वर्षं ज्याचं ऐकलं, तेही तो बोलला नव्हता. मग मी ऐकत कुणाचं होतो?

झाड मी त्यालाच दिलं. त्या वर्षी चादरीचा तिसरा कोपराही बाभळीला बांधला.

तो माल घेऊन गेल्यावर घरची म्हणून ठेवलेली जांभळं घेऊन ओट्यावर बसलो आणि पहिलंच तोंडात टाकताना आठवलं. बागवान म्हणतो, जांभळं एकट्यानं खाऊ नयेत, बाधतात. मी रानातून येईपर्यंत ती एकाला शिवायची नाही. हे विचारायचंच राहिलं. बागवानाचं असेल तर औषधातलं पथ्य, सोडून देता येतं. पण तिचं असेल तर ती काहीतरी सांगून गेली होती, आणि मला ते पाळायचं होतं. हातातलं जांभूळ मी परत वाटीत ठेवलं. म्हटलं, पुढल्या मोहोराला विचारू.

पुढला मोहोर आला. तो आला नाही. मोबाईल लागेना. फळ पिकून विहिरीत पडायला लागलं. शेवटी हाताला आली तेवढी तोडली, टोपलीत पाला घालून भरली आणि टेम्पोत बसून नगरला गेलो. विचारत विचारत त्याची गल्ली काढली.

हातगाडी भिंतीला उभी करून ठेवली होती. दारात त्याची थोरली बहीण. मला कधी पाहिलेलं नाही, पण टोपली बघून म्हणाली, "दाजी का?"

तो थंडीतच गेला होता. तिनं पाणी दिलं. मी ते पिऊन टाकलं आणि तिथंच विचारलं. दुसरं काही बोलायला यायला पाहिजे होतं, आलं नाही. "जांभळं एकट्यानं खाऊ न्हाईत, हे त्याचं का?"

"लो! हे तर त्याचं रोजचं," ती म्हणाली. "एकटं गिऱ्हाईक आलं की मूठभर जास्त टाकायचा. घरी नेऊन खा, एकट्यानं खाऊ नका. आमी म्हनायचो, ह्यो कुठला इलाज? तर म्हनायचा, आक्का म्हनती."

"आक्का तर म्हनायची, बागवान म्हनतो."

"मग म्हनलं कुनी?"

मला काय माहीत? मी त्यासाठीच आलो होतो.

ती आत गेली. वाटीत मीठ घेऊन आली, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला टेकली आणि टोपली मधे ओढली. तिनं एक उचललं. मी एक उचललं. दोघंही थांबलो. ती म्हणाली, "खावा दाजी. आता कुनाला इचारायचं?"

दुपार कलेपर्यंत अर्धी टोपली संपली. गल्लीतली माणसं येता-जाता बघत होती.

बाधलं काही नाही.