उलट तोंडाचा हत्ती

१२ जानेवारी २०२५ रोजी सुभेदार उदयसिंह जाधव यांनी गोरखच्या पितळी पाट्यांच्या दुकानात ९,४४० रुपये मोजले आणि पावती दोनदा वाचली. पनवेलच्या आमच्या माजी सैनिक संघाचा हिशेब मी ठेवतो. सुभेदारांचे तिथे कोणाशीच पटत नाही. चहा आणणाऱ्यालाही ते पेला कुठे ठेवायचा हे सांगतात, आणि तो चुकला की चहा परत पाठवतात.

काम होते फौजेतल्या त्यांच्या पूल बांधणाऱ्या कंपनीच्या मानचिन्हाचे. ढालीचा आकार, त्यात खाली तीन कमानींचा पूल, वर सोंडेत तुळई घेऊन चालणारा हत्ती. संघाच्या दालनात दाराशेजारी ते लावायचे होते. अनावरण वसुंधराबाईंच्या हातून व्हायचे होते. त्यांचे पती नाईक इंद्रजीत त्याच कंपनीत होते; पुरात लोकांना काढताना पुलासह वाहून गेले. चिन्ह तुमच्याच हातून लागेल, असा शब्द सुभेदारांनी त्यांना दिला होता.

कार्यक्रमाच्या सकाळी गोरखने टेम्पोतून पाटी उतरवली. हत्तीचे तोंड उजवीकडे होते.

"कागदावर डावीकडे काढला होता ना रे?" सुभेदारांनी विचारले.

"काढला होता. पण दार डावीकडं हाय. तुमचा हत्ती भायेर चालला होता. पाटीवरचं जनावर आत येनारं पायजे. लक्ष्मी घालवायची हाय काय?"

"मूर्खा, ढाल धरणाऱ्याचा उजवा हात तो आपला डावा! तिकडे शत्रू असतो. तू आमची कंपनी पळवलीस!"

"मंग तुमी ढालीच्या मागं जाऊन बसा. बघनारे तर पुढून बघतान."

सुभेदारांनी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली. तेवढ्यात वसुंधराबाई तळोज्याहून आल्या. त्यांना सगळा नियम सांगून सुभेदार म्हणाले, "पाठ दाखवणारा हत्ती लागणार नाही, वहिनी."

"शेवटची फेरी करून हे परत फिरले, तेव्हाच पूल गेला. तुम्हीच सांगितलंत मला. परत फिरणारा पळपुटा होय, भाऊजी?"

"चिन्ह नियमाने चालतं."

"मग पडदाही नियमालाच ओढायला सांगा."

त्या आल्या त्याच रिक्षाने गेल्या. भिंत रिकामी राहिली. सुभेदारांनी खुर्च्या स्वतःच मोजून आत ठेवल्या.

गोरखच्या टेम्पोचे १८० रुपये सुभेदारांनी अजून दिलेले नाहीत.