निघालो गोराईला, पोचलो मुलुंडच्या पंपाजवळ

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं नवंनवं लग्न, आणि फिरायला जायचं ठरलं ते गोराईला. बोरिवलीकरांनी मधुचंद्राला गोराई गाठावी, म्हणजे महत्त्वाकांक्षेची कमालच! डबा भरला, स्कूटर काढली, तेवढ्यात शेजारच्यांकडे यांच्यासाठी फोन आला. मुलुंडच्या कारखान्यात एक पंप जास्त हादरत होता, आणि त्याच्या पाइपांचं डिझाइन यांचं होतं.

"तासाभराचं काम आहे गं. तूपण चल ना."

कोणाला हाच रम्य मार्ग धरायचा असेल, तर हायवेने गोरेगाव, आरेतून आत, मग पवई आणि मुलुंड. आरेत थंड मसाला दूध जरूर प्या. पवईचा तलाव मला स्कूटर न थांबवता दाखवण्यात आला.

कारखान्यात यांचे साहेब घामाघूम होऊन उभे. पंपाच्या तोंडाला नोझल म्हणतात, ही संसारोपयोगी माहिती मला तिथे मिळाली. यांनी नोझलवरचे बोल्ट सैल करायला लावले. पाइप फटकन मागे सरकला. मध्ये दोन बोटांची फट.

"साहेब, चूक माझी आहे. नव्या मॉडेलचं नोझल मागे आहे, मी जुन्या मापाने पाइप आखला. पोरांनी तो ओढून बसवलाय."

"मग गप बस ना! उद्या पंप घेणाऱ्या पार्टीसमोर चालला की झालं."

"सगळा ताण पंपावर येतोय. बेअरिंग जाईल, आणि तिकडे बाजूला माणसं काम करतात."

"सावंत, तू अजून प्रोबेशनवर आहेस. बायकोसमोर बोलायला लावू नकोस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डबा छातीशी धरून उभी.

"बोला साहेब," हे म्हणाले. "पण पाइप कापावा लागेल."

कापला. मध्ये तुकडा जोडला. संध्याकाळी बोल्ट नुसत्या हाताने आत गेले आणि पंप शहाण्यासारखा चालला. "झकास!" साहेब म्हणाले, जणू कल्पना त्यांचीच.

घरी आल्यावर यांनी चहाची कपबशी बाजूला सारली.

"काढतील का गं मला?"

"काढलं तर काढलं. चहा प्या आधी."

काढलं नाही. मागून आलेल्यांना आधी कायम केलं, एवढंच. सहलीहून लोक शिंपले आणतात. मी आपण कोणाशी लग्न केलंय, ते समजून परतले. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींना तेवढं सांगायचं सुचलं नव्हतं.