उमेदवारीतली ओटी

बेळगावच्या दवाखान्यात आम्ही दोन नवे डॉक्टर एकाच दिवशी उमेदवार म्हणून लागलो. माझ्याबरोबरचे गृहस्थ वर्षभरात कायम झाले. पगार वाढला, राहायला खोल्या मिळाल्या. दुसरं वर्ष सरत आलं तरी मी मात्र त्याच तुटपुंज्या भत्त्यावर. बाळंतपणं मी करायची आणि बढती त्यांनी घ्यायची, असा तो न्याय होता. बोलून दाखवलं की कारकून म्हणत, "तुम्हांला कुठे संसार आहे?"

संसार नव्हता, हे खरं. अकराव्या वर्षीच माझं कुंकू पुसलं गेलं. वडिलांनी हट्टानं शिकवलं. ते गेल्यावर मी भावाकडे राहत होते. वहिनी वाईट नव्हती, पण सणासुदीला बायका यायच्या आत ती मला हळूच आतल्या खोलीत जायला सांगे. कायम झाले की दवाखान्याच्या आवारात माझ्या स्वतःच्या दोन खोल्या होणार होत्या. तिथे पडदे कुठल्या रंगाचे लावायचे, इथवर माझं ठरलं होतं.

त्यात कणकुंबीहून एक बाई लेकीला बैलगाडीत घालून घेऊन आली. मूल आडवं आलं होतं. लेक वाचली, मूलही वाचलं. घरी जायच्या दिवशी ती बाई हिरवा खण, नारळ आणि तांदूळ घेऊन वॉर्डाच्या दारातच उभी.

"बस गं बाई, वटी भरती तुजी."

"मावशी, माझी ओटी भरत नाहीत."

"का? सायबाचा कायदा हाय व्हय? त्येला काय कळतंय बायकांतलं!"

माझं पांढरं लुगडं आणि मोकळं कपाळ तिला डॉक्टरिणीचा पोशाख वाटला होता! खरं ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तिनं कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून माझ्या कपाळाला टेकवलंसुद्धा. मी पदर पसरला. खोटं कशाला सांगू, मला ते हवं होतं.

आठवड्याच्या आत तक्रार गेली: उमेदवार बाईंनी रोग्याच्या माणसांकडून भेट घेतली. भेट घेणाऱ्याला त्या वर्षी कायम करायचं नाही, असा नियम होता, आणि माझे कागद त्याच सुमारास वर जायचे होते. मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. माणूस भला. दार लोटून म्हणाले, "बाई, ही तक्रार मी खोटी ठरवतो. विधवेची ओटी कोण भरेल, एवढं लिहिलं की पुरे. तुम्ही फक्त 'नाही' म्हणा."

किती सोपं होतं! पगार, खोल्या, पडदे, सगळं एका 'नाही'वर. आणि त्यांचं म्हणणं इतकं बिनतोड होतं की मला त्याचाच राग आला.

"भरली," मी म्हणाले. "कणकुंबीच्या बाईनं माझी ओटी भरली. कुंकूही लावलं."

त्यांनी टाक दौतीत बुडवला. तक्रार खरी असल्याचा शेरा लिहिला. कायम व्हायला मला आणखी एक वर्ष लागलं, आणि ते भावाच्याच घरी काढावं लागलं. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी खण शिंप्याकडे टाकला. संक्रांतीला वहिनीकडे हळदीकुंकवाला बायका आल्या, तेव्हा मी ती हिरवी चोळी घालून बाहेरच्या खोलीत बसले होते.