नऊ इंचांचा अर्ज

आमच्या समोरच्या घरातले तिरुमलराव मला पहिली दहा वर्षं अजिबात आवडत नव्हते. आजही सगळेच्या सगळे आवडतात असं नाही. दोन हजार नऊ साली सांगलीहून आम्ही मैसूरला, कुवेंपुनगरात राहायला आलो, त्याच आठवड्यात ते आमच्या फाटकाशी येऊन म्हणाले होते, "तुमच्या घरमालकानं पायरी गटारावर काढली आहे. सांगा त्याला." स्वागत म्हणून एवढंच. नंतर कळलं की ते नगरनियोजनाच्या कार्यालयात घरांचे नकाशे तपासतात. कुणाचं बांधकाम किती इंचांनी चुकलं होतं हे त्यांना वीस वर्षांनंतरही तोंडपाठ असायचं. घरातल्यांचे वाढदिवस मात्र त्यांच्या बायकोनं आठवण करून दिल्याशिवाय लक्षात यायचे नाहीत.

ती बायको म्हणजे वेदवतीकाकू. नवऱ्याच्या अगदी उलट. सकाळी रांगोळी घालून झाली की फाटकाला टेकून तासभर उभ्या राहायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या मैसूरचं, त्यामुळे बोलण्यात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेलं. माझं सांगलीचं बोलणं ऐकून त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "तुझं मराठी पुस्तकातलं ग. आमचं स्वयंपाकघरातलं."

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं दोनेक महिन्यांत परत आलं, पण उजवा पाय आला नाही. घरात चाकाची खुर्ची आली. आणि मग लक्षात आलं, की घराचं जोतं तीन फूट उंच आहे आणि पुढं पाच पायऱ्या आहेत. दवाखान्यात न्यायचं तर दोन माणसं बोलावून खुर्चीसकट उचलावं लागायचं. एकदा असंच उतरवताना एकाचा हात सटकला. काकू पडल्या नाहीत, पण घरी आल्यावर मला म्हणाल्या, "मी काय गॅसचा सिलिंडर आहे का ग? बेडा, आता मला कुठं न्यायचं नको." त्या दिवसापासून त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. अकरा महिने त्यांनी स्वतःचं फाटक पाहिलं नाही. हळूहळू बोलायच्याही कमी झाल्या. तपासायला घरी आलेल्या डॉक्टरांनी तिरुमलरावांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, यांना माणसांत न्या, नाहीतर राहिलेली उमेदही जाईल.

उपाय साधा होता, रॅम्प. पुढच्या अंगणात तेवढी लांबी नव्हती. पण स्वयंपाकघराचं दार घराच्या मागच्या कोपऱ्यात बाजूला उघडतं. तिथून निघून बाजूच्या बोळातून छत्तीस फूट उतरत आलं की थेट फाटकाजवळ पोचतं. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, तीन फुटांना छत्तीस. तिरुमलरावांनी हे एका दुपारी कागदावर काढलंसुद्धा.

मी म्हटलं, "चला, रविवारी मेस्त्री बोलावू. दोन दिवसांचं काम."

"असं नाही होत," ते म्हणाले. "बाजूची जागा मोकळी सोडायची म्हणून नकाशा मंजूर झाला आहे. तिथं काही करायचं तर सूट मागायची. अर्ज द्यायचा. शेजाऱ्याला नोटीस जाईल, सुनावणी होईल."

"काका, या गल्लीत आजवर कुणी अर्ज केला आहे?"

"नाही ना, तेच सांगतोंय."

माझं डोकंच फिरलं. आत बाई भिंतीकडे बघत बसलेली आणि याला सुनावणी हवी! मी तसं बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर. बोळाचं माप घ्यायचं आहे. तीन फूट पाहिजे."

बोळ भरला दोन फूट तीन इंच.

त्यांनी पुढं मापलं, मध्ये मापलं, मागं मापलं. तीनदाही तेच. मग टेप बदलला. मग त्यांचा संशय शेजारच्या कुंपणाच्या भिंतीवर गेला. ती भिंत मानाजीरावांची. मानाजीराव म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर, आवाज अजून मैदानावरचा. दोघांचं पंधरा वर्षं बोलणं बंद होतं, कारण मानाजीरावांच्या खिडकीवरचा छज्जा सात इंच बाहेर आला म्हणून तिरुमलरावांनीच कार्यालयाकडून नोटीस धाडून तो पाडायला लावला होता. तो पडताना मीही गॅलरीतून पाहिला होता. त्यामुळे भिंत सरकवलेली सापडली असती तर तिरुमलरावांना मनातून बरंच वाटलं असतं. पण हद्दीच्या दगडापासून मापलं तर भिंत सुतासारखी सरळ, आपल्या जागेवर!

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला. "त्यांची गोडे नका मापूं. भिंत सरी आहे, बरोबर आहे. आपलं घरच मोठं आहे."

तिरुमलराव वळले.

"नऊ इंच," काकू म्हणाल्या. "मीच सांगून करवून घेतलं."

घर बांधलं ते एकतीस वर्षांपूर्वी. तेव्हा तिरुमलरावांची नेमणूक हुणसूरला होती आणि ते फक्त रविवारी यायचे. मेस्त्रीनं पायाची दोरी आखल्यावर इकडच्या रिवाजाप्रमाणे घराचा आय काढला. घराच्या लांबीला रुंदीनं गुणायचं आणि आठानं भागायचं. जी बाकी राहील तिला नाव असतं. सिंह, गज, वृषभ हे चांगले. बाकी काहीच राहिली नाही तर काक, म्हणजे कावळा. मंजूर नकाशा छत्तीस बाय चोवीसचा होता. आय आला काक. मेस्त्री म्हणाला, या घराचा धनी कायम भटकत राहणार, एका जागी ठरणार नाही. काकू त्या वेळी दोन लहान मुलं घेऊन सासूजवळ भाड्याच्या घरात राहत होत्या आणि नवरा आठवड्यातून एकदा दिसत होता. त्यांनी विचारलं, किती वाढवलं की सुटेल? मेस्त्रीनं हिशेब करून सांगितलं, नऊ इंच. त्यांनी दोरी हलवायला लावली.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पाया उकरून काढला असता," काकू म्हणाल्या. "मला काय कळत होतं ओ, नियम? मला तुम्ही घरी पाहिजे होता. आणि गृहप्रवेशानंतर चार महिन्यांत बदली होऊन आलात की नाही मैसूरला?"

नकाशे तपासून तपासून ज्याचे केस पांढरे झाले, त्यानं स्वतःच्या घराला कधी टेप लावला नव्हता. मला वाटलं, आता हा माणूस बायकोवर ओरडणार. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, भिंतीवरच छत्तीस गुणिले पावणेपंचवीस केलं, आठानं भागलं आणि सगळं परत एकदा करून पाहिलं.

"बाकी तीन. सिंह," ते म्हणाले. "मेस्त्रीचं गणित बरोबर आहे."

आणि आत निघून गेले. दोन दिवस बाहेर दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी न राहवून गेले, तर ते अर्ज लिहीत होते. मी म्हटलं, "काका, बोळ तीन फूट लिहा. कोण बघायला येतंय?" ते म्हणाले, "मी जायचो ना बघायला." त्यांनी अर्ज मला वाचून दाखवला, कन्नडातला, आणि मध्ये मध्ये थांबून मराठीत समजावला. त्यात लिहिलं होतं, की माझं घर मंजूर नकाशापेक्षा नऊ इंच रुंद आहे. नोकरीत असताना मी याहून लहान चुकांसाठी लोकांची बांधकामं पाडायला लावली आहेत आणि त्यात शेजारी मानाजीराव यांचा सात इंचांचा छज्जाही आहे. माझ्यासाठी वेगळा नियम लावा असं मी म्हणत नाही. या नऊ इंचांचं काय करायचं ते आपण ठरवावं. मात्र माझ्या पत्नीला घराबाहेर पडायला वाट द्यावी.

सगळ्या अर्जात बायकोनं दोरी हलवल्याचा उल्लेख कुठेही नव्हता. 'माझ्याकडून झालेली चूक' एवढंच होतं. त्या वाक्यापाशी पहिल्यांदाच मला त्या माणसाबद्दल माया वाटली, आणि ती कबूल करायला मला लाज नाही.

सुनावणीला मी त्यांच्याबरोबर गेले. अधिकारी होत्या वरलक्ष्मी नावाच्या, वयानं माझ्याहूनही लहान. तिरुमलराव ज्या टेबलाच्या पलीकडे आयुष्यभर बसले, त्याच्या अलीकडे आज अंग चोरून उभे होते. आणि दारात मानाजीराव दिसले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात नोटीस.

वरलक्ष्मीबाईंनी नकाशा नीट पाहिला. म्हणाल्या, "नऊ इंचांचं म्हणाल तर जुनं बांधकाम आहे, कुणाची हरकत नसेल तर त्याला सूट देता येईल. अडचण दुसरीच आहे. खुर्चीच दोन फूट एक इंच रुंद आणि तुमचा रॅम्प दोन फूट तीन. चाकावर हात ठेवला तर भिंतीला सोलून निघेल. खुर्ची अडकली तर मागं घ्यायलाही जागा नाही. रॅम्प तीन फुटांच्या आत मला मंजूर करता येणार नाही. क्षमा करा, राव, तुम्हाला हे मी सांगायला नको."

तिरुमलराव मान हलवत राहिले. बरोबर होतं ना सगळं! बाईंच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, आणि इतक्या गोडीनं सांगितलं नसतं. मला मात्र रडू यायचं बाकी राहिलं. घरी जाऊन काकूंना काय सांगायचं? की तुम्ही नवरा घरी यावा म्हणून जे नऊ इंच वाढवलेत, त्यांनीच तुमची वाट अडवली?

"शेजाऱ्यांची काही हरकत?" बाईंनी विचारलं.

मानाजीराव उठले. मैदानावरच्या आवाजात सुरू झाले. "हरकत लिहून आणली होती. खोटं का सांगू? ही बघा, खिशात आहे. पंधरा वर्षं वाट पाहिली मी या दिवसाची." त्यांनी कागद काढला, पण उघडला नाही. "नोटिशीबरोबर यांच्या अर्जाची प्रत आली. मी चार वेळा वाचली. माझी बायको सुष्मा म्हणाली, आता पाचव्यांदा वाचून त्यात काय वेगळं निघणार? मला वाटायचं, हा माणूस फक्त दुसऱ्यांचं मापतो. यांनी तर स्वतःचंही मापून लिहून दिलं." मग ते बाईंकडे वळले. "मॅडम, कुंपणाची भिंत माझी आहे, माझ्या पैशानं बांधलेली. ती मी नऊ इंच माझ्या जागेत आत घेतो. छत्तीसच्या छत्तीस फूट. मग होतात ना तीन? वेदवतीबाईंनी माझ्या मुलीला बोटाला धरून शाळेत सोडलं आहे. त्यांना आधी बाहेर येऊ द्या."

तिरुमलरावांनी टेबलावरचा नकाशा स्वतःकडे वळवला.

"भिंत हलवायची तर त्याला वेगळा अर्ज लागतो."

आधी वरलक्ष्मीबाई हसल्या, मग मीही. मानाजीराव कपाळावर हात मारून म्हणाले, "अय्यो देवा, हा माणूस!" बाई म्हणाल्या, "राव, तुम्ही बसा. दोन्ही एकाच आदेशात घालते." तिरुमलराव बसले, चष्मा काढला आणि पुसत राहिले. बराच वेळ पुसत होते.

आदेश तीन आठवड्यांनी हातात आला. रॅम्प लोखंडी, वर छप्पर नाही, गरज संपली की काढून टाकायचा आणि बोळ मोकळा करायचा. भिंत मानाजीरावांनी स्वतः उभं राहून पाडली आणि परत बांधून घेतली. मेस्त्रीवर असे ओरडत होते की गल्लीतली, दिवाळीला घरी आलेली मुलंसुद्धा कवायतीला उभी राहिली असती.

रॅम्प तयार झाला त्या दिवशी संध्याकाळी पाचला काकू निघाल्या. मोरपंखी साडी, केसांत मल्लिगेचा गजरा. कुणी ढकलायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. डावा हात चाकावर, आणि मागं फक्त दोन बोटं टेकवून नवरा. छत्तीस फूट उतरायला त्यांना बराच वेळ लागला. फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं आणि माझ्याकडे वळून पहिलाच प्रश्न टाकला, "ते कोपऱ्यावरचं घर पिवळं कधी केलं ग? मला कुणी सांगितलं नाही!" अकरा महिन्यांपूर्वीच्या वेदवतीकाकू! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते पाहिलं तरी चौकशी थांबवली नाही.

मग त्यांनी खुर्ची मानाजीरावांच्या फाटकाकडे वळवली. पण मानाजीरावांच्या घरालाही पायऱ्या होत्याच. काकू खाली, सुष्माबाई वर, दोघी एकमेकींकडे बघून हसतायत. शेवटी मानाजीरावांनी आतून खुर्च्या आणल्या आणि सरळ रस्त्यावर मांडल्या. सुष्माबाई कॉफीचे लोटे घेऊन उतरल्या. आम्ही बसलो. तिरुमलराव उभेच. खुर्च्या रस्त्यात किती फूट आल्या आहेत हे त्यांचे डोळे मापतायत, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

"बसा की ओ," काकू म्हणाल्या. "कॉफी निवते."

त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं, आणि काकूंच्या शेजारी बसले. दोन मिनिटांत एक स्कूटरवाला आला आणि वाट मागत हॉर्न वाजवू लागला. तिरुमलरावांनी हातातला लोटा खाली न ठेवता, जागचं न उठता, त्याला बाजूनं जायची खूण केली.